संशोधनासाठी पदक सुरू करताना: देणगीच्या पत्रापासून पोलादी ठशापर्यंत

नागपुरातल्या एखाद्या संशोधन मंडळाकडे किंवा विषयाला वाहिलेल्या परिषदेकडे पदकं बहुधा एकाच वाटेनं येतात. कुणी प्राध्यापक जातात. वर्षश्राद्धाच्या सुमारास त्यांची मुलगी किंवा मुलगा कार्यालयात येतो, पाच लाखांचा धनादेश पुढे करतो आणि म्हणतो, "बाबांच्या नावानं दरवर्षी सुवर्णपदक द्या." कार्यकारिणी भारावून हो म्हणते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी व्याज पुरेनासं होतं, आवेदनं दोनच येतात, आणि "यंदा कुणाला तरी द्यायलाच हवं" म्हणून ते पदक सचिवांच्या माहितीतल्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं. तिथून पुढे ते पदक राहत नाही, वाटप होतं.

हे टाळायचं असेल तर धनादेश बँकेत भरण्याआधी पंधरा दिवस मागून घ्या. देणगीदार थांबतात. थांबत नसतील, तर ती देणगी पुढेही त्रासच देणार हे धरून चाला.

आधी आकडेमोड

पाच लाखांची मुदत ठेव साडेसहा टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला ३२,५०० रुपये येतात. हे सगळे खर्चायचे नाहीत. महागाई मूळ रकमेला कुरतडत असते, म्हणून पंचमांश, म्हणजे ६,५०० रुपये, निधीत परत टाकायचे. हातात उरतात २६,०००.

आता खर्च. पन्नास मिलिमीटर व्यासाचं, तीन मिलिमीटर जाडीचं पदक धरा. त्याचं घनफळ सुमारे ५.९ घन सेंटिमीटर येतं. ९२५ शुद्धतेच्या, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेल्या, चांदीत त्याचं वजन सुमारे ६१ ग्रॅम. चांदीच्या भावाचा हिशेब सोपा आहे: किलोचा भाव जितके हजार, तितके रुपये एका ग्रॅमला. किलो दोन लाखाला धरली तर ग्रॅम दोनशेला, आणि नुसती धातूची किंमत बारा हजारांच्या वर. त्यावर घडणावळ, जीएसटी, पेटी. मग परीक्षकांचं मानधन, मानकऱ्याचा प्रवास आणि दोन रात्रींचा मुक्काम, सभागृह, छपाई. एकूण बेरीज पंचेचाळीस ते पन्नास हजारांच्या घरात जाते. म्हणजे पाच लाखांत दरवर्षी पदक बसत नाही. दर दोन वर्षांनी बसतं, तेही जेमतेम. देणगीदाराला हे कागदावर मांडून दाखवा. "दोन वर्षांनी एकदा, पण नीट" हे बहुतेकांना पटतं. एखाद्याची रक्कम वाढवायची तयारीही असते.

"सुवर्ण" या शब्दाचा मोह इथेच आवरा. वर सांगितलेल्या मापाचं पदक २२ कॅरेट सोन्यात केलं तर वजन १०४ ग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे दहा तोळ्यांच्या वर. पंचवीस मिलिमीटर व्यासाचं, दीड मिलिमीटर जाडीचं, म्हणजे लॉकेटएवढं केलं तरी तेरा ग्रॅम लागतं. जुन्या निधीतली सुवर्णपदकं कालांतरानं पितळेची का झाली, याचं उत्तर या आकड्यांत आहे. चांदीवर सोन्याचा मुलामा द्या आणि नियमावलीत तसंच लिहा. यात कमीपणा काही नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदकही मुलामा दिलेल्या चांदीचंच असतं. नोबेलचं पदकसुद्धा १९८० पासून अठरा कॅरेटचं आहे, त्याआधी ते तेवीस कॅरेटचं असे.

आयकराची एक गोष्ट सीएशी आधीच बोलून घ्या. करसवलत असलेल्या न्यासाला वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. उरलेले १५ टक्के सहज बाजूला ठेवता येतात, त्यापेक्षा जास्त साठवायचं तर वेगळा ठराव आणि अर्ज लागतो. पदक एक वर्षाआड असेल तर मधल्या वर्षाचं व्याज साठतं. मंडळाचा बाकी खर्च भरपूर असेल तर अडचण येत नाही. कागदावर पदकनिधी हेच मोठं उत्पन्न असेल तर मात्र येते. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे जुन्या पत्रांची नक्कल करून कलमं टाकू नका.

देणगीचं पत्र

देणगीदाराच्या पत्रात "ही रक्कम मूळ निधी म्हणून देत आहे, फक्त व्याज वापरावं" असं स्पष्ट वाक्य हवं. ते नसेल तर ती रक्कम त्या वर्षाचं साधं उत्पन्न धरली जाऊ शकते. रक्कम बँकेतूनच घ्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला देणगीदाराला कराची वजावट मिळत नाही. पैसे बँकेच्या मुदत ठेवीत ठेवा. पतसंस्था एक-दीड टक्का जास्त देते म्हणून तिकडे वळू नका. सार्वजनिक न्यासाच्या गुंतवणुकीला कायद्याची चौकट आहे, आणि पतसंस्था बुडाली तर उत्तर विश्वस्तांना द्यावं लागतं.

उद्देशाचं वाक्य लिहिताना खूप अरुंद लिहू नका. गॉडफ्री कॉप्ली १७०९ मध्ये वारले तेव्हा त्यांनी रॉयल सोसायटीला शंभर पौंड ठेवले, निसर्गाच्या ज्ञानात भर पडावी म्हणून, "प्रयोगांसाठी किंवा अन्य प्रकारे". १७३१ पासून त्या निधीतून गौरव होत आला आहे, आणि पदकाचं रूप त्याला नंतर आलं. "अन्य प्रकारे" या दोन शब्दांमुळे हे शक्य झालं. उलट "विदर्भातील हातमागावरील लुगड्यांच्या काठांचा अभ्यास" एवढंच लिहून ठेवलं तर दहा वर्षांनी आवेदन कुठून आणणार? विषय "विदर्भाची वस्त्रपरंपरा आणि हस्तकला" असा घ्या, आणि काठांच्या अभ्यासाला अग्रक्रम द्या.

नागपूरला याचं चांगलं उदाहरण घरचंच आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रानं नागपूर विद्यापीठाला मोठी रक्कम ठेवली, ती उपयोजित विज्ञान आणि रसायनाच्या शिक्षणासाठी. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. उद्देश नेमका होता, पण हातपाय बांधणारा नव्हता.

पत्रात आणखी चार गोष्टी असाव्यात. योग्य काम न आढळल्यास त्या खेपेला पदक दिलं जाणार नाही. व्याज अपुरं पडल्यास कार्यकारिणी धातू, आकार किंवा कालावधी बदलू शकेल. विषय कालबाह्य झाल्यास जवळच्या विषयाकडे निधी वळवता येईल. आणि देणगीदाराच्या कुटुंबातलं कुणीही निवड समितीत असणार नाही. शेवटच्या अटीवर कुटुंब कधी कधी अडून बसतं. त्यांना मंचावर मानानं बसवा, पदक त्यांच्या हातानं द्या, पण निवडीच्या खोलीचं दार बंदच ठेवा.

यातली सर्वांत मोलाची अट पहिली. "या वर्षी पदक नाही" असं एकदा जाहीर करणारं मंडळ पुढची वीस वर्षं विश्वासाचं ठरतं.

नियमांतल्या खाचा

"विदर्भातील संशोधन" म्हणजे काय? विदर्भात राहणाऱ्यांनी केलेलं, की विदर्भाविषयीचं? रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननावर हैदराबादच्या अभ्यासकानं लिहिलं तर तो पात्र का? आणि नागपुरात राहून कुणी तमिळ शिलालेखांवर काम केलं तर? दोन्ही बाजूंनी भांडण होऊ शकतं. एक काहीतरी ठरवा आणि विदर्भ म्हणजे कोणते अकरा जिल्हे तेही लिहा.

वयाची अट घालायची असेल तर तारीख लिहा. गणितातल्या फील्ड्‌स पदकाचा नियम नमुन्यासारखा आहे: त्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी चाळिसावा वाढदिवस झालेला नसावा. "चाळीस वर्षांखालील" एवढंच लिहिलं तर अर्जाच्या दिवशी की समारंभाच्या दिवशी, यावर पत्रव्यवहार सुरू होतो. आमच्या मते वयापेक्षा पीएचडीनंतरची वर्षं मोजणं जास्त न्याय्य. लग्न, बाळंतपण, आजारपणातली शुश्रूषा यांत चार-पाच वर्षं गेलेल्या बाईला वयाची अट नाहक बाहेर काढते. बाळंतपणाच्या आणि सांभाळाच्या रजेइतकी सूट नियमातच लिहा, म्हणजे ती मागावी लागत नाही.

प्रकाशनाचा काळ ठरवताना पुस्तकावर छापलेलं वर्ष धरायचं की प्रत्यक्ष बाजारात आल्याचं, हे सांगा. मराठीत या दोन्हींत वर्षभराचं अंतर पडल्याची उदाहरणं भरपूर. छापलेलं वर्ष धरणं सोपं जातं.

पदक विभागून किती जणांना? नोबेलमध्ये जास्तीत जास्त तिघांना, पण छोट्या मंडळानं दोनवर थांबावं. आणि दोन पदकं घडवण्याचा खर्च आधीच धरावा. एक पदक कापून दोघांत देता येत नाही आणि एकाला पदक, दुसऱ्याला कागद हा अपमान आहे. मरणोत्तर पदक नसावं, पण निवड झाल्यानंतर व्यक्ती गेली तर द्यावं, असं लिहून ठेवा. २०११ मध्ये राल्फ स्टाइनमन यांचं निधन झालं आणि तीन दिवसांनी त्यांच्या नोबेलची घोषणा झाली. समितीला निधनाची बातमी नंतर कळली. त्यांचा सन्मान कायम राहिला, कारण निवड ते हयात आहेत असं समजून झाली होती. आपल्याकडे असं घडलं आणि नियम गप्प असला, तर आमसभेत दोन तट पडतील.

आवाहन आणि कागदपत्रं

समारंभाच्या तारखेपासून उलटं मोजत या. डिसेंबर टाळा. हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं तेव्हा हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत आणि सिव्हिल लाइन्सचे रस्ते कधी बंद होतील ते सांगता येत नाही. एप्रिल-मेचा तर विचारच नको. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पुण्याचा परीक्षक पाहुणा बोलावून त्याचे शिव्याशाप कशाला घ्यायचे? जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी उत्तम.

तसं धरलं तर आवाहन १ जुलैला निघावं. जूनच्या मध्यात काढलं तर फुकट जातं, विदर्भातल्या शाळा-महाविद्यालयांना तेव्हा सुट्याच असतात आणि सूचनाफलक बघायला कुणी नसतं. शेवटची मुदत ३१ ऑगस्ट. सप्टेंबरमध्ये छाननी. परीक्षकांकडे कागद १ ऑक्टोबरला, परत येण्याची तारीख २० नोव्हेंबर. मधले पंधरा दिवस दिवाळी खाणार हे गृहीत. समितीची बैठक नोव्हेंबरअखेर, कार्यकारिणीचा ठराव डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, नाव कोरायला चार आठवडे.

आवाहन फक्त विद्यापीठाच्या विभागांना पाठवून थांबू नका. नागपुरात पर्यावरण संशोधनाची नीरी आहे, कापूस संशोधन संस्था आहे, माती सर्वेक्षणाचं राष्ट्रीय केंद्र आहे, भारतीय खाण ब्युरो आहे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्र आहे, अभियांत्रिकीची व्हीएनआयटी आहे, रामटेकला संस्कृत विद्यापीठ आहे. तालुक्याच्या गावात बसून ताम्रपट वाचणारे शिक्षक यांपैकी कशातच नसतात. त्यांच्यापर्यंत वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी पोहोचते.

आवेदनात चारच गोष्टी मागा: शिफारस करणाऱ्याचं दोन पानांचं पत्र, निवडक पाच कामं, सहलेखन असल्यास कुणी काय केलं याचं निवेदन, दोन पानांचा परिचय. याहून जास्त मागितलं की स्पायरल बांधलेली ऐंशी पानांची बाडं येतात, त्यात सहभाग-प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स असतात, आणि परीक्षक ती चाळून बाजूला ठेवतो. शिफारसपत्रात "कष्टाळू, मनमिळाऊ" असं लिहून आलं तर ते पत्र कोरं समजा. पत्रानं सांगायचं ते हे: या माणसाच्या आधी काय माहीत नव्हतं आणि आता काय माहीत आहे.

स्वतःच स्वतःचं आवेदन करू द्यावं का? तरुणांच्या पदकाला द्यावं. ज्यांच्या पाठीशी कुणी बडं नाही त्यांना दुसरा मार्ग नसतो. जीवनगौरवाला देऊ नये. आणि शुल्क एक रुपयाही नको. "उत्कृष्ट संशोधक पुरस्कार, नोंदणी साडेचार हजार" असली ई-पत्रं प्रत्येक प्राध्यापकाच्या पेटीत पडलेली असतात. शुल्क लावलंत की तुम्ही त्याच रांगेत गेलात.

वाचायचं कुणी, गुण कसे धरायचे

छाननी करणाऱ्यानं आधी तीन गोष्टी तपासाव्यात. लेख मागे घेतला गेला आहे का. लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, म्हणजे डीओआय, टाकून नियतकालिकाच्या पानावर पाहिलं की कळतं. पुस्तक म्हणजे प्रबंधच जसाच्या तसा छापला आहे का. शोधगंगा या विद्यापीठीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर तो बहुधा सापडतो. आणि मजकूर दुसऱ्याचा तर नाही ना. साम्य शोधणाऱ्या संगणकीय साधनांवर मराठीच्या बाबतीत विसंबू नका. तीस वर्षांपूर्वीचा मराठी प्रबंध त्यांच्या साठ्यात नसतोच, त्यामुळे "साम्य ४ टक्के" हा आकडा काही सिद्ध करत नाही. तिथे विषयातला जुना वाचकच कामाचा.

कामाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला ती संख्या, तिच्यावरून काढलेला एच-निर्देशांक वगैरे मराठी कामाला लावू नका. मराठी नियतकालिकं त्या आंतरराष्ट्रीय याद्यांत क्वचितच असतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं (युजीसी) मान्य नियतकालिकांची स्वतःची केअर यादीही २०२५ मध्ये बंद केली. म. म. वा. वि. मिराशींनी संपादित केलेला वाकाटक राजांच्या कोरीव लेखांचा खंड १९६३ चा आहे आणि आजही वाकाटकांवर काम करणारा त्याच्यापासून सुरुवात करतो. असल्या कामाची किंमत दोन वर्षांच्या संदर्भमोजणीत दिसली नसती.

समिती पाच जणांची ठेवा, त्यांतले किमान दोन नागपूरबाहेरचे. अंतिम यादीत तिघे-चौघे आले की प्रत्येक कामासाठी विषयातले दोन-तीन बाहेरचे वाचक. हितसंबंधांची व्याख्या लेखी असू द्या: नातेवाईक, मार्गदर्शक किंवा विद्यार्थी, मागच्या पाच वर्षांतला सहलेखक, त्याच विभागातला सहकारी. अशा सदस्यानं त्या आवेदनाच्या चर्चेपुरतं खोलीबाहेर जायचं, आणि तो बाहेर गेल्याचं इतिवृत्तात यायला हवं. नुसतं गप्प बसणं पुरत नाही. नागपुरात एका विषयाचे सगळे लोक एकमेकांच्या व्हायव्हाला बसलेले असतात, एकाच लग्नात जेवलेले असतात. म्हणून बाहेरचे वाचक पुणे, हैदराबाद, भोपाळ, कोलकाता इथले घ्या. चालू कार्यकारिणीच्या सदस्यांना पदक नाही, हा नियम तर विनाअपवाद.

गुणांची बेरीज करण्यात एक मोठी फसगत असते. तीन परीक्षक, तीन आवेदनं धरा: क, ख, ग. पहिला परीक्षक हात सोडून गुण देतो: क ला ९०, ख ला ६०, ग ला ५५. दुसरा आखडून देतो: ७०, ७४, ७२. तिसराही तसाच: ६८, ७३, ७१. बेरीज केली तर क ला २२८, ख ला २०७, ग ला १९८. क जिंकला. पण तिघांपैकी दोघांनी क ला शेवटचा क्रमांक दिला होता! हात सोडून गुण देणाऱ्या एकानं निकाल ठरवला. म्हणून गुण मागवा हवे तर, पण निकाल क्रमांकांवर लावा. इथे क्रमांकांची बेरीज क ला ७, ख ला ४, ग ला ७ येते. सर्वांत कमी बेरीज ख ची, आणि दोन परीक्षकांचं मतही तेच होतं.

क्रमांक लागल्यावर एक प्रश्न मुद्दाम विचारा: "पहिला आलेला पदकाच्या लायकीचा आहे का?" पहिला येणं आणि लायक असणं या वेगळ्या गोष्टी. यावर वेगळं मतदान घ्या. पाचपैकी चार हो म्हणाले तरच पदक, नाहीतर त्या खेपेला नाही.

ठराव झाला की आधी मानकऱ्याला फोन आणि पत्र, त्याचा होकार लेखी, मगच जाहीर. पत्रात रोख रक्कम असेल तर ती बँकेतून येईल आणि त्यावरचा कर मानकऱ्याला भरावा लागू शकतो, हे सांगा. सरकारी किंवा केंद्र सरकारनं मान्य केलेल्या पुरस्कारांनाच करमाफी असते. आपलं पदक त्यात आपोआप बसत नाही. न मिळालेल्यांनाही दोन ओळींचं पत्र जावं. परीक्षकांची नावं आणि अभिप्राय मात्र कुणाला दाखवायचे नाहीत. नोबेलचे कागद पन्नास वर्षं बंद असतात, आपण निदान पंचवीस वर्षं तरी ठेवावेत.

प्रशस्ती

पदकाचा खरा मजकूर म्हणजे प्रशस्तीचं वाक्य. ते तीस-चाळीस शब्दांच्या आत बसवा. "संशोधन क्षेत्रातील उल्लेखनीय व भरीव योगदानाबद्दल" हे कुणालाही चिकटवता येतं, म्हणून ते कुणाचंच नाही. त्याऐवजी: "नागपूर परिसरातील महापाषाणीय दफनवर्तुळांची गावनिहाय नोंद करून, त्यांतील लोखंडी अवजारांच्या घडणीचा धातुशास्त्रीय पुरावा प्रथमच एकत्र मांडल्याबद्दल." हे वाचून दुसऱ्या विषयाच्या माणसालाही कळतं की काय केलं. "प्रथमच" हा शब्द वापरण्याआधी बाहेरच्या एका वाचकाकडून खात्री करून घ्या, नाहीतर कुणीतरी जुना लेख घेऊन सभेत उभा राहतो.

प्रशस्ती वाचणाऱ्या मान्यवरांना दोन दिवस आधी द्या. मंचावर पहिल्यांदा वाचणारा माणूस मानकऱ्याचं नाव हमखास चुकवतो.

पदक घडवणं

दोन रस्ते आहेत. डाय, म्हणजे पोलादी ठसा, कापून दाबयंत्राखाली त्याची छाप उमटवणं, किंवा मेणाच्या साच्यातून ओतकाम. पोलादी डायचा पहिला खर्च मोठा, पण वीस-तीस वर्षं तीच चालते आणि प्रत्येक पदक सारखं येतं. ओतकामात पहिला खर्च कमी, पण बारीक अक्षरं गोलसर होतात आणि पृष्ठावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडू शकतात. दीर्घकाळ चालवायचं पदक असेल तर डायच करा. मुंबईच्या सरकारी टाकसाळीतही मागणीनुसार पदकं करून मिळतात; तिथे चौकशी करायची तर सहा महिने हातात ठेवा. इतवारीच्या सराफ्यातून चांदी घेऊन काम दुसरीकडे द्यायचं असेल तर चांदीची पावती, वजन आणि शुद्धता तिन्ही कागदावर घ्या.

सगळ्यात जास्त चुका देवनागरीत होतात. वर्तुळाकार रोमन अक्षरं सुटी सुटी बसतात. देवनागरीची शिरोरेघ मात्र वळणावर तुटते आणि शब्द दातेरी दिसतो. एकतर शिरोरेघ पूर्ण कंसासारखी वळवून घ्या, नाहीतर मजकूर मधोमध सरळ ओळींत ठेवा. आम्ही दुसऱ्याच्या बाजूचे. डायवरच्या अक्षराची उंची अडीच मिलिमीटरच्या खाली नको, आणि दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त जागा सोडा, कारण वर वेलांटी आणि खाली उकार दोघंही जागा मागतात. कोरणाऱ्याकडे मजकूर नुसता टाइप करून पाठवू नका. त्याच्या यंत्रावर जुना फॉन्ट असतो, युनिकोडमधून बदलताना "द्ध"चं "ध्द" होतं, "ऱ्ह" फुटतो, "ज्ञ"च्या जागी चौकोन येतो. अक्षरांचे आकार रेषांत बदललेली फाइल द्या आणि सोबत कागदावर छापलेला नमुना. त्या नमुन्यावर मानकऱ्याची सही घ्या. वडिलांचं नाव, आडनावातली वेलांटी, पदवी लावायची की नाही, हे तोच सांगू शकतो.

डायवर वर्ष आणि नाव कोरू नका, नाहीतर डाय एकदाच वापरून फेकावी लागेल. ते कडेवर लेझरनं कोरायचं. तीन मिलिमीटरच्या कडेवर दीड मिलिमीटर उंचीची अक्षरं नीट येतात.

मुलाम्याला किती सोनं लागतं? दोन्ही बाजू आणि कड धरून पृष्ठफळ ४४ चौरस सेंटिमीटर. अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर दिला तर सोनं लागतं सुमारे ०.२ ग्रॅम. "सोनं महाग झालं" म्हणून कुणी हजारो रुपये वाढवून मागितले तर हा आकडा समोर ठेवा. मात्र चांदी आणि सोनं यांच्यामध्ये निकेल किंवा पॅलेडियमचा पातळ थर मागा. थेट चांदीवर सोनं दिलं तर दोन्ही धातू हळूहळू एकमेकांत मिसळतात आणि काही वर्षांत पदक फिकं पडतं.

हातात आल्यावर मुलाम्याआधी एक तपासणी घरच्या घरी करता येते. पदक बारीक वजनकाट्यावर तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा आणि पदक दोऱ्यानं टांगून, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर त्याचं घनफळ. हवेतलं वजन भागिले हा आकडा. उत्तर १०.३ च्या आसपास आलं तर चांदी. साडेआठ आलं तर वर चांदीचा हात दिलेलं पितळ. पदकाला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी बोटानं काढा, नाहीतर खरी चांदीही खोटी ठरते.

पेटी निवडताना आत लोकर, रबर किंवा उग्र वासाचा गोंद नको. त्यांतला गंधक चांदीला काळं करतो. रबर बँड लावून ठेवलेल्या पदकावर त्या बँडची काळी रेघ उमटते आणि ती पॉलिशशिवाय जात नाही.

समारंभ

दीडशे माणसं येणार असतील तर दीडशेचंच सभागृह घ्या. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह भव्य आहे, पण त्यात दीडशे म्हणजे ओसाड. मानकऱ्याचं चाळीस मिनिटांचं व्याख्यान हा मुख्य कार्यक्रम ठेवा, सत्काराची भाषणं अर्ध्या तासात आवरा. शाल-श्रीफळ द्यायचं तर द्या, पण व्याख्यान लेखी मागून घेऊन वार्षिकात छापा. पुढच्या अभ्यासकाच्या हातात तेच उरतं.

नोंदवही आणि डाय

एक जाड नोंदवही ठेवा: खेप, मानकऱ्याचं नाव, प्रशस्तीचं पूर्ण वाक्य, समितीतली नावं, कोण कोणत्या चर्चेतून बाहेर गेलं, पदकाचं वजन, ठरावाचा क्रमांक. पदक न दिलेल्या खेपेचीही ओळ भरा. या वहीचे दोन फोटो-संच वेगवेगळ्या माणसांकडे असू द्या. सचिव बदलतात तेव्हा कपाटाच्या किल्ल्या हरवतात.

डाय मंडळाच्या मालकीची आहे असं कामाच्या पावतीवर लिहून घ्या आणि काम झालं की ती परत आणा. कारखान्यात पडून राहिलेली डाय पाच वर्षांत दुसऱ्या कुणाच्या तरी भंगारात जाते. वर यंत्राचं तेल चोळा, मेणकापडात गुंडाळा, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा. जूनच्या शेवटी आणि पाऊस संपल्यावर सप्टेंबरअखेर एकदा उघडून बघा. गंजाचा ठिपका अक्षरात शिरला की तो पुढच्या प्रत्येक पदकावर उमटतो. कापडाला एक चिठ्ठी बांधा: व्यास, जाडी, कोणत्या ताकदीच्या दाबयंत्रावर चालवली, चांदीचा तुकडा मध्ये किती वेळा तापवून मऊ केला.